अठरा अंशांचं घर

न्यूट हा शेपटीवाला उभयचर पाळायचा असेल तर आधी टाकी घेऊ नका, थर्मामीटर घ्या. मत्स्यालयाच्या कुठल्याही दुकानात काचेचा साधा थर्मामीटर मिळतो. तो बादलीभर पाण्यात सोडा, बादली घरातल्या त्यातल्या त्यात गार कोपऱ्यात ठेवा आणि मे महिन्यात दुपारी तीन वाजता आकडा वाचा. सुरतेच्या उधन्यात स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर तो तीस-बत्तीसच्या खाली क्वचितच दिसेल. गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीतून थेट नळाला येणारं पाणी तर दुपारी हाताला चटका देतं. न्यूटला पाणी हवं सोळा ते वीस अंशांचं. मधला आकडा धरला तर अठरा. काच, वाळू, झाडं, दिवे हे सगळं बाजारात मिळतं. अवघड आहेत ते बत्तीस आणि अठरा यांच्यामधले चौदा अंश.

हा खटाटोप उधन्यात कोण करतं, असं विचारलं जाईल. उधना, लिंबायत, डिंडोली, नवागाम, गोडादरा, पांडेसरा हा सुरतेचा पट्टा म्हणजे अर्धा खानदेश. जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसं दोन-तीन पिढ्यांपासून इथे यंत्रमागावर, डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये, उद्योगनगरातल्या वर्कशॉपांत कामाला आहेत. जळगावकडून अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर करत गाडी उधन्याला येते, तेव्हा फलाटावर अहिराणीशिवाय दुसरं काही कानावर पडत नाही. घरात अहिराणी, शाळेत मराठी, दुकानात गुजराती आणि मोबाइलवर हिंदी अशा चार भाषांत इथली पोरं वाढतात. घरं लहान, बरीचशी भाड्याची. कुत्रा ठेवला तर घरमालक कुरकुरतो, मांजर शेजारच्यांचं दूध पिते. म्हणून हौस भागवायची ती माशांवर. दहा बाय दहाच्या खोलीत टीव्हीखाली दोन फुटी टाकी आणि तिच्यात गप्पी किंवा गोल्डफिश, हे दृश्य इथे नवं नाही. शेठ लोकांच्या केबिनमध्ये वास्तूसाठी अरोवाना असतो, ती गोष्ट वेगळी. पाल भागात महापालिकेचं जगदीशचंद्र बोस मत्स्यालय 2014 मध्ये सुरू झालं, तेव्हापासून शाळेच्या सहली तिकडे जातात आणि सहलीहून आलेली मुलं घरी येऊन टाकी मागतात.

न्यूटची मागणी आली ती मात्र मत्स्यालयातून नाही, मोबाइलमधून. 2021 च्या जूनमध्ये माइनक्राफ्ट या खेळात अ‍ॅक्सोलॉटल नावाचा प्राणी आला. गुलाबी, हसऱ्या तोंडाचा, गळ्याशी पिसांसारखे कल्ले फुललेला. जगभरच्या पोरांनी तो खऱ्यातला मागायला सुरुवात केली, त्यात डिंडोलीची पोरंही आली. अ‍ॅक्सोलॉटल हा न्यूट नव्हे, पण त्याचाच भाऊबंद. दोघेही सॅलॅमँडरच्या कुळातले, शेपटीवाले उभयचर. न्यूट मागायला गेलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात आपल्याकडे बहुतेक वेळा अ‍ॅक्सोलॉटलच पडतो. घराच्या दृष्टीने फरक एवढाच, की अ‍ॅक्सोलॉटल जन्मभर पाण्यात राहतो आणि न्यूटला अधूनमधून कोरडी जागा लागते. गारव्याच्या बाबतीत दोघांचा हट्ट सारखाच.

उधना दरवाज्याकडच्या एका दुकानदाराला मी याबद्दल विचारलं. तीस वर्षं मासे विकलेला माणूस, त्याने माझ्याकडे न बघता जाळी धुता धुता सांगितलं, "भाई, आने तो ठंडुं पाणी जोईए. घरमां एसी छे?" एसी आहे म्हटलं तरी तो समाधानी नव्हता. एसी चोवीसवर चालतो, पाणी चोवीसवरच राहतं, आणि रात्री बिलाच्या भीतीने घरची मंडळी तो बंद करतात. एप्रिल ते जून तो असला माल मागवतच नाही. पार्सल स्टेशनवरून दुकानात येईपर्यंत निम्मं मेलेलं असतं, हे त्याने पाहिलं आहे. धंदा करणाऱ्या माणसाने स्वतःहून गिऱ्हाइकाला परत पाठवावं, हे मला विशेष वाटलं.

हा प्राणी मुळात कुठला, हे कळलं की त्याचा हट्ट पटतो. भारतात न्यूट आहेत, पण ते हिमालयाच्या पूर्व भागात: दार्जिलिंग, सिक्कीम आणि ईशान्येकडच्या डोंगरांत. सगळे टायलोटोट्रायटन या एकाच वंशातले. दार्जिलिंगकडच्या प्रजातीला नेपाळमधल्या नमुन्यांवरून 2015 मध्ये टायलोटोट्रायटन हिमालयानस असं वेगळं नाव मिळालं. काळपट तपकिरी अंग, दोन्ही कुशींवर गाठींची एकेक ओळ, डोक्यामागे फुगीर ग्रंथी. पावसाळा लागला की डोंगरातल्या डबक्यांत, तळ्यांत जमायचं, पाणवनस्पतींवर अंडी घालायची. थंडी सुरू झाली की ओंडक्याखाली, पाचोळ्यात, दगडाच्या फटीत शिरून पडून राहायचं. त्याच्यासाठी दार्जिलिंगकडच्या सुखियापोखरीजवळच्या जोरपोखरी तळ्यांभोवती 1985 मध्ये अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्रफळ अवघं 0.04 चौरस किलोमीटर, म्हणजे चार हेक्टर. आपल्याकडच्या मध्यम शेतकऱ्याच्या शेताएवढं अभयारण्य. या न्यूटला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. पकडणं, विकणं, घरी ठेवणं गुन्हा आहे. 2019 मध्ये हा अख्खा वंश आंतरराष्ट्रीय व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेला. तेव्हा 'हिमालयन न्यूट आणून देतो' म्हणणारा कोणी भेटला तर त्याच्याशी पुढे बोलायचंच नाही.

सह्याद्रीत न्यूट नाही. एवढा पाऊस, एवढे ओढे, बेडकांच्या इतक्या जाती, तरी शेपटीवाला उभयचर एकही नाही. आपल्याकडे आहे तो उलट टोकाचा गडी: पाय नसलेला देवगांडूळ. शेतात, सुपारीच्या बागेत मातीखाली राहतो, आणि बहुतेक लोक त्याला साप समजून मारतात. आंबोलीतल्या अशाच एका देवगांडुळाची नवी प्रजाती म्हणून 2003 मध्ये नोंद झाली. ती करणाऱ्यांत आपले उभयचरांचे अभ्यासक वरद गिरी होते आणि प्रजातीचं नाव बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे जे. सी. डॅनियल यांच्यावरून ठेवलं गेलं. पोरांना उभयचरांचं वेड लागलं असेल तर एखाद्या पावसाळ्यात त्यांना आंबोलीला न्यावं. पण आंबोली मोबाइलमध्ये नाही, ही अडचण आहे.

पाळण्याच्या बाजारात येतात ते चिनी किंवा जपानी अग्निपोटे न्यूट, पाठ काळी आणि पोट शेंदरी, आणि अ‍ॅक्सोलॉटल. अ‍ॅक्सोलॉटलचा इतिहास तर सगळ्यांनी वाचावा असा आहे. 1864 मध्ये मेक्सिकोहून चौतीस अ‍ॅक्सोलॉटल पॅरिसला पोचले. त्यांतले पाच नर आणि एक मादी ऑग्युस्त द्युमेरिल या प्राणिशास्त्रज्ञाला मिळाली. या सहा जणांची प्रजा इतकी वाढली, की युरोपातल्या प्रयोगशाळांना ती वाटावी लागली. आणि ज्या सोचीमिल्कोच्या कालव्यांत तो रानात राहतो, तिथे 1998 मध्ये दर चौरस किलोमीटरला सुमारे सहा हजार असलेले अ‍ॅक्सोलॉटल 2014 च्या मोजणीत छत्तीसवर आले होते. जगभर काचेत भरभराट आणि घरी नामशेष व्हायची वेळ.

आता घराकडे वळू. पाण्यापासून सुरुवात करतो, कारण न्यूट त्वचेतूनही श्वास घेतो. पाण्यात जे असेल ते थेट त्याच्या अंगात जातं. सुरतेचं पाणी तापीचं. मुलताईला उगम, मग भुसावळ, प्रकाशा, उकाई, काकरापार आणि शेवटी शहराजवळ सिंगणपोरचा बंधारा. उधन्याच्या बऱ्याच घरांनी गावाकडे ज्या नदीच्या काठावर दिवस काढले तीच नदी इथे नळाला येते, फक्त क्लोरीन घालून. हा क्लोरीन माणसाला पटकीपासून वाचवतो आणि न्यूटची कातडी जाळतो. उपाय सोपा आहे. पाणी रुंद तोंडाच्या पिंपात एक दिवस उघडं ठेवून त्यात हवेचा पंप सोडायचा, किंवा मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं क्लोरीनविरोधी द्रव्य घालायचं. त्यात मुख्यतः सोडियम थायोसल्फेट असतं. जुन्या फोटो स्टुडिओत याला हायपो म्हणत, आणि सुती कापडाच्या ब्लीचिंगनंतर उरलेला क्लोरीन मारायलाही तेच वापरतात. डाइंगमध्ये काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पिंप उघडं ठेवताना मच्छरजाळी मात्र बांधा. महापालिकेची माणसं डासांच्या अळ्या शोधत घरोघर फिरतात आणि साठवलेल्या पाण्यात अळ्या सापडल्या की नोटीस देतात. न्यूटसाठी होतं, हे कारण ते ऐकून घेत नाहीत.

बोअरचं पाणी वापरू नका, या पट्ट्यात ते खारट असतं. आणि आरओचं तर मुळीच नको. हे दुसरं वाक्य ऐकून बायका हसतात, कारण घरातलं सगळ्यात शुद्ध पाणी तेच. पण आरओ मशीन पाण्यातले क्षार काढून टाकतं, आणि क्षार नसलेल्या पाण्यात उभयचराच्या शरीरातले क्षार बाहेर झिरपू लागतात. नळाचं, क्लोरीन काढलेलं पाणी सगळ्यात बरं.

टाकी दोन फूट लांब, दीड फूट रुंद, एक फूट उंच घ्या. दुकानदार दोन-एक-एकची टाकी पुढे करतो, तिच्यात छप्पन्न लिटर पाणी मावतं. दीड फूट रुंदीत ते पंचाऐंशी होतं, आणि या प्राण्यांना उंचीपेक्षा तळ महत्त्वाचा. ते पोहत कमी आणि चालत जास्त. पंचाऐंशी लिटर म्हणजे पंचाऐंशी किलो, वर काच आणि दगड. पोटमाळ्यावर किंवा टीव्हीच्या प्लायवुडच्या कपाटावर हे ओझं ठेवू नका. टाकी नवी जोडलेली असेल तर सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत थांबा.

तळाला बारीक धुतलेली वाळू. खडे नकोत. न्यूट आणि अ‍ॅक्सोलॉटल घास घेताना तोंड उघडून पाण्यासकट ओढतात. मुगाएवढा खडा पोटात गेला की अडकतो आणि प्राणी त्यात मरतो. संगमरवराचे तुकडे, शंख-शिंपले हेही नकोत, ते विरघळून पाणी जड करतात. आडोशाला फुटक्या कुंडीचे किंवा माठाचे अर्धे तुकडे उत्तम, कडा घासून घेतलेले. झाडांत जावा मॉस आणि व्हॅलिसनेरिया. दिवा मंद, या प्राण्याला पापण्या असल्या तरी झगमगाट सोसत नाही, अ‍ॅक्सोलॉटलला तर पापण्याही नाहीत. फिल्टर हवेवर चालणारा स्पंजचा. जोराचा प्रवाह सोडला की न्यूट कोपऱ्यात अंग चोरून बसतो. आणि झाकण. ओल्या काचेवर न्यूट पालीसारखा चढतो आणि बोटभर फटीतून निसटतो. पलंगाखाली वाळलेला न्यूट सापडणं ही पाळणाऱ्यांच्या जगातली नेहमीची बातमी आहे. अग्निपोट्या न्यूटसाठी पाण्याबाहेर डोकावणारा एक सपाट दगड किंवा तरंगता लाकडाचा तुकडा ठेवायचा, दमला की त्यावर येऊन बसतो.

एवढं झालं की प्राणी आणायचा नाही. रिकामी टाकी महिना-दीड महिना चालवायची. प्राण्याच्या विष्ठेतून अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषं आहेत, तिसरं बऱ्यापैकी सुसह्य, आणि ते आठवड्याला थोडं पाणी बदललं की जातं. हे जिवाणू स्पंजवर आणि वाळूत घर करेपर्यंत वेळ लागतो. गार पाण्यात ते फार सावकाश वाढतात, म्हणून आधी उधन्याच्या नेहमीच्या तापमानात टाकी मुरू द्यायची आणि नंतर पाणी गार करायचं. उन्हाचा फायदा होतो ती ही एवढीच जागा. अमोनिया आणि नायट्राइट तपासायचे किट मिळतात. दोन्हींचा आकडा शून्य आल्याशिवाय पोरांनी कितीही तोंड फुगवलं तरी हलायचं नाही.

आता ते चौदा अंश. पंखा लावला तर? टाकीवर छोटा पंखा मारला की पाणी उडून जातं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. हिशेब दिसायला मोहक आहे: पंचाऐंशी लिटरांतून एक लिटर उडालं तर कागदावर पाणी जवळजवळ सात अंशांनी उतरायला हवं. पण खोली ती उष्णता परत देत राहते, आणि मुख्य म्हणजे हवा दमट असेल तर पाणी उडतच नाही. ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर जो आकडा दाखवतो त्याच्याखाली पंखा पाण्याला नेऊ शकत नाही. सुरत समुद्राजवळ आहे. जूनमध्ये हा आकडा सव्वीस-सत्तावीसच्या आसपास असतो. माठाचंही तेच. माठात पाणी ठेवून टाकीत ओतू, असं अनेक घरांत सुचवलं जातं, आणि धुळ्याच्या कोरड्या उन्हात माठ खरंच कमाल करतो. उधन्यात जून-जुलैला तोच माठ नुसता घाम गाळतो.

बर्फाची बाटली? एक लिटर पाण्याची गोठवलेली बाटली टाकीत सोडली तर ती वितळून टाकीच्या तापमानाला येईपर्यंत पंचाऐंशी लिटर पाण्याला साधारण सव्वा अंशाने उतरवते. बत्तीसवरून अठरावर यायला अशा अकरा बाटल्या लागतील, तेही एकदा उतरवायला. मग दर काही तासांनी पुन्हा. एवढ्या बाटल्या गोठवायला दुसरा फ्रिज लागेल. शिवाय बाटलीने तापमान झोके घेतं, आणि पाच-सहा अंशांचे झोके न्यूटला कायमच्या उष्णतेइतकेच भोवतात. गरम पाण्यात विरघळलेला प्राणवायूही कमी असतो: अठरा अंशांना लिटरमागे साडेनऊ मिलिग्रॅम, बत्तीसला सव्वासात. न्यूटचं शरीर गरम पाण्यात जास्त प्राणवायू मागतं आणि त्याला मिळतो कमी. मग तो खात नाही, त्वचेवर बुरशीचा पांढरा कापूस येतो, आणि घरचे म्हणतात, नजर लागली.

राहिला चिलर. मत्स्यालयासाठी बनवलेला छोटा चिलर टाकीच्या किमतीच्या कितीतरी पट महाग पडतो. उद्योगनगराजवळ फ्रिज-एसी दुरुस्तीचं काम करणारे एक मामा मला भेटले, मूळ चोपड्याकडचे. भाच्यासाठी त्यांनी घरीच चिलर बांधला होता. भंगारातल्या वॉटर कूलरचा कंप्रेसर, नवा गॅस, आणि तापमान धरून ठेवायला एसटीसी-1000 नावाचा छोटा डिजिटल कंट्रोलर. पाण्यात सोडायची नळी त्यांनी सवयीप्रमाणे तांब्याची काढली होती. फ्रिजवाल्याच्या हाताला तांबंच येतं. ती बसवण्याआधी भाच्याने कुठेतरी वाचून थांबवलं. तांबं पाण्यात अगदी थोडं विरघळलं तरी उभयचरांना विष होतं. घरात तांब्याच्या भांड्यातलं पाणी आरोग्याला चांगलं म्हणून पिणाऱ्या माणसाला हे पटायला वेळ लागला, पण मामांनी तांबं बाजूला ठेवून स्टेनलेस स्टीलची नळी वाकवली. स्टील वाकवताना चपटं होतं, म्हणून आत बारीक वाळू भरून, दोन्ही टोकं बंद करून, पाइपच्या तुकड्याभोवती वळवत नेलं. मग वाळू ठोकून बाहेर काढली. टाकीच्या तीन बाजूंना आणि खाली थर्माकोल, तोही फ्रिजच्या खोक्यातला. पुढची काच तेवढी मोकळी. मे महिन्यात त्या काचेवर बाहेरून दव धरतं आणि ते पुसायला एक जुनं पंचाचं फडकं टाकीवरच टांगलेलं असतं. कंट्रोलरवर लाल अक्षरांत 18.2 दिसत होतं. आत दोन अग्निपोटे न्यूट माठाच्या तुकड्यावर एकमेकांवर पाय टाकून पडले होते. मामांच्या आईने काचेशी येऊन विचारलं, "हाई काय शे रे भो? पालनं पोर शे का?" कोणी उत्तर दिलं नाही, बहुधा ती रोज विचारते.

चिलरची एक बाजू दुकानात कोणी सांगत नाही. तो पाण्यातली उष्णता काढतो आणि खोलीत टाकतो. दहा बाय दहाच्या बंद खोलीत न्यूटला अठरा अंश मिळतात आणि माणसांना दोन अंश जादा. मामांनी यंत्राचं तोंड गॅलरीकडे काढलं होतं, म्हणून निभावलं. विजेचा अंदाज करायचा तर दीडशे वॅटचा कंप्रेसर दिवसातून बारा तास चालला, तर महिन्याला चोपन्न युनिट. उन्हाळ्यात तो बारा तासांवर थांबत नाही.

आणि मग आखाजी. खानदेशी माणूस दिवाळीला एक वेळ गावी जाणार नाही, पण अक्षय्यतृतीयेला जातो. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, सांजोऱ्या होतात, आणि उधना-लिंबायतच्या गल्ल्यांत कुलपं दिसू लागतात. हा सण एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेमध्ये येतो, म्हणजे नेमका उन्हाच्या कडाक्यात. कुलूपबंद, खिडक्या लावलेलं, वरच्या मजल्यावरचं घर दुपारी किती तापतं ते परत आल्यावर दार उघडणाऱ्याला ठाऊक असतं. अशा घरात चिलर आठवडाभर एकटा चालणार. मधे दोन तास वीज गेली तर थर्माकोल तग धरतो. ट्रिप होऊन एमसीबी पडली तर उचलायला कोणी नाही, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत टाकी खोलीइतकी तापलेली असते. फिरायला गेलेल्या माणसाच्या माशांना शेजारी चिमूटभर दाणे टाकतो; न्यूटसाठी शेजाऱ्याने रोज आकडा वाचायला हवा आणि बिघाड झाला तर काय करायचं हे त्याला माहीत हवं. मामांच्या घरातून आखाजीला एक जण मागे राहतो. यंदा भाचा राहिला, पुढच्या वर्षी त्याची दहावी आहे.

खाण्याचं फार अवघड नाही. शेतातली किंवा बागेतली गांडुळं, कापून, गोठवलेले ब्लडवर्म. गांडूळखताच्या वाफ्यातली लाल गांडुळं मात्र कडवट द्रव सोडतात, ती न्यूट तोंडात घेऊन थुंकतो. मोठ्या न्यूटला आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. पोळीचे तुकडे, चिकन, माशांचे रंगीत दाणे यांनी फक्त पाणी नासतं. हातात धरून लाड करायचे नाहीत: आपला हात त्याच्यासाठी तापलेला तवा आहे, आणि न्यूटच्या कातडीत विष असतं. अमेरिकेतल्या टॅरिका वंशाच्या न्यूटमध्ये तर टेट्रोडोटॉक्सिन सापडतं, फुगा माशात असतं तेच. टाकीत हात घातला की साबणाने धुवायचा, आणि टाकीत घालण्याआधीही धुवायचा, पण साबण पूर्ण काढून.

वयाचं कोणी विचारत नाही. अ‍ॅक्सोलॉटल नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं जगतो, काही न्यूट वीसच्या पुढे जातात. आठवीतल्या पोराने आणलेला न्यूट त्याच्या लग्नात असेल, आणि नव्या सुनेला चिलरची ओळख करून द्यावी लागेल.

कायद्याचंही पाहून घ्या. अ‍ॅक्सोलॉटल 1975 पासून साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी मालकावर बंधनकारक झाली आणि 28 फेब्रुवारी 2024 ला तिचे नियम निघाले. नोंदणी केंद्राच्या परिवेश पोर्टलवर करायची. पिल्लं झाली, प्राणी मेला, दुसऱ्याला दिला, तरी कळवायचं. विकणाऱ्याकडे कागद नसतील तर प्राणी घेऊ नका. चिनी अग्निपोटा या परिशिष्टात नसला तरी त्याच्यामागे दुसरं लचांड आहे. 2013 मध्ये नेदरलँड्समधले फायर सॅलॅमँडर मारणारी एक कायट्रिड बुरशी शास्त्रज्ञांनी शोधली. ती आशियातल्या न्यूटांच्या व्यापारातून युरोपात पोचली असावी, असं मानलं जातं. या भीतीने अमेरिकेने जानेवारी 2016 मध्ये सॅलॅमँडरच्या 201 प्रजातींची आयात बंद केली. आपल्याकडे अशी बंदी नाही, पण दार्जिलिंगचा न्यूट आपला आहे, आणि टाकीचं पाणी शेवटी कुठल्या तरी गटारातून कुठल्या तरी नाल्यातच जातं.

माझं मत विचाराल तर उधन्यात न्यूट पाळता येतो, पण तो शंभरातल्या एखाद्याच घराने पाळावा: ज्याच्याकडे चिलर आहे, त्याची उष्णता बाहेर टाकायला जागा आहे, बारा महिने बिल भरायची तयारी आहे, आणि आखाजीला मागे थांबणारं माणूस आहे. यांतलं एक जरी नसलं तर त्याच टाकीत झेब्रा डॅनियो किंवा हनी गुरामी सोडा. दोन्ही आपल्याच उपखंडातले, सव्वीस-अठ्ठावीस अंशांत खुशीत राहतात, आणि चिलरच्या पैशांत दहा टाक्या होतील. आणि ज्यांनी न्यूट किंवा अ‍ॅक्सोलॉटल आधीच आणला आहे आणि आता झेपत नाही, त्यांना एवढीच विनंती: त्याला तापीत, गोपी तलावात किंवा सोसायटीच्या हौदात सोडू नका. तिथलं पाणी त्याला आठवडाभरही जगू देणार नाही, आणि त्याच्यासोबत काय सुटेल ते आपल्या बेडकांना भोगावं लागेल. ज्याच्याकडून आणला त्याला परत द्या, नाहीतर चालता चिलर असलेल्या एखाद्या पाळणाऱ्याकडे सोपवा आणि परिवेशवर तशी नोंद करा.